मातीतलं भांडण

नथ्थू नाकेदाराचं मनगटी घड्याळ बंद पडलं आहे, असं जलालुद्दीनने ठामपणे सांगितलं, मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि पाहतो तर आतलं सोनेरी चाक शहाण्या पोरासारखं इकडून तिकडे फिरत होतं. नथ्थू गोंडपिपरीकडच्या जंगलनाक्यावर असायचा. चांद्याला आला की जटपुरा दरवाजाजवळच्या या चिंचोळ्या दुकानात टेकायचा, अर्धा चहा स्वतः प्यायचा, अर्धा जलालुद्दीनला पाजायचा. त्याची तक्रार इतकीच होती की घड्याळ रोज थोडं मागं पडतं. तो फळीवरून वाकून म्हणाला, "बंद कुठी आहे, जलालभाऊ? मले इथी बसून टिकटिक आयकू येऊन राह्यली." जलालुद्दीन हसला. गंमत केली, म्हणाला. नथ्थू पान आणायला उठला तेव्हा त्याने तेच घड्याळ पुन्हा डाव्या कानाला लावलं, डोळे मिटले आणि वाट पाहिली. काही नाही. मग उजव्या कानाला लावलं. तिथे टिकटिक होती, पण शेजारच्या घरात कुणी सुपारी कातरत बसावं तशी, भिंतीपलीकडची. त्याने घड्याळ फळीवर ठेवलं आणि आपले हात बघत बसला.

चांद्यात घड्याळं दुरुस्त करणारे दुसरेही होते, पण ऐकून दुरुस्त करणारा हा एकच, असं लोक म्हणत, आणि त्याने ते कधी नाकारलं नव्हतं. बापाने शिकवलं होतं. डोळा फसवतो, बेटा, तेल सुकलं तरी चाक चमकतंच, बाप म्हणायचा, पण आवाज खोटं बोलत नाही. लहानपणी बाप त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून एकेक घड्याळ त्याच्या कानाला लावायचा आणि विचारायचा, याला काय झालं. जलालुद्दीन चुकायचा. त्याची मोठी बहीण शमसुन्निसा, त्याची आपा, दाराआडून ऐकायची, तिच्या हातात घड्याळ नसायचं तरी तिचं उत्तर बरोबर यायचं, आणि बाप म्हणायचा, अल्लाने हा कान चुकून मुलीला दिला. आपाच्या वाटचा तो कान पुढे आपल्याकडे आला, असं जलालुद्दीनला तिच्या मागे बरीच वर्षं वाटत राहिलं, कुणी मेल्यावर त्याची चप्पल घालून फिरावं तसं. आता तो कान चालला होता. महिनाभर कानात रातकिडे किरकिरत होते आणि तो बाजाराला दोष देत होता. मशिदीच्या पायऱ्या उतरताना भिंत धरावी लागायची, तर अशक्तपणाला दोष देत होता. माणूस आपल्याच शरीराकडे किती सफाईने कानाडोळा करतो, हे त्याला नथ्थूच्या त्या साध्या घड्याळाने दाखवलं. नथ्थू पान घेऊन आला आणि काहीतरी बोलला. जलालुद्दीनने मान हलवली. काय बोलला ते त्याला कळलं नव्हतं.

क्षयाचं निदान झालं ते गेल्या हिवाळ्यात. रक्त पडलं ते रुमालावर, आणि त्याने रुमाल दुमडून खिशात घातला, कारण आपानेही असंच केलं होतं आणि त्याने ते पाहिलं होतं. फरक इतकाच की आपाच्या वेळी महायुद्धाची लढाई चालू होती, दवाखान्यात क्षयाला खुली हवा आणि दूध याखेरीज औषध नव्हतं. आणि आता स्वराज्य येऊन दहा वर्षं होत आली होती, सरकारी दवाखान्यात सुई मिळत होती. तिथले डॉक्टर वैरागडे म्हणजे बोलघेवडा, हडकुळा माणूस, रोग्याला औषध देताना त्या औषधाची कुळकथाही देणारा. पहिल्या सुईच्या वेळी ते म्हणाले होते, "जलालभाऊ, हे औषध माणसानं नाई केलं बरं. जंतूनं केलं." जलालुद्दीनला वाटलं हे थट्टा करत आहेत. जंतू म्हणजे छातीत बसलेला तो चोर, एवढंच त्याला माहीत होतं. चोराने चोरासाठी फास कशाला वळावा?

नंतर एकदा डॉक्टरांचं सूक्ष्मदर्शक यंत्र अडलं. दवाखान्यात त्याला सगळे दुर्बीणच म्हणत. त्याचा बारीक फिरवायचा स्क्रू घट्ट झाला होता आणि नागपूरला पाठवलं तर परत कधी येईल याचा नेम नव्हता. जलालुद्दीनने ती दुर्बीण खिडकीपाशी घेऊन खोलली, जुनं, चिकट झालेलं तेल पुसलं, घड्याळाचं तेल एक थेंब घातलं. मोबदला म्हणून डॉक्टरांनी त्याला एक झाकणाची काचेची बशी दाखवली. तळाला खिरीसारखं काही गोठवलेलं, त्यावर जंतूंचा पांढुरका थर, दुधावर साय धरावी तसा सगळीकडे सारखा पसरलेला. आणि मध्ये एका ठिकाणी राखेच्या रंगाचा, भुरभुरीत, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. ठिपक्याभोवती साय नव्हती. नितळ गोल होता, कुणीतरी अंगण झाडून काढावं तसा. डॉक्टर म्हणाले, हा ठिपका म्हणजे मातीतले जंतू. बुरशीसारखे धागे काढतात, पण जात जंतूचीच. ढेकूळ फोडल्यावर मातीला जो वास येतो ना, तो यांचाच. मातीत खायला थोडं आणि खाणारे फार, म्हणून यांनी आपल्याभोवती एक रस सोडायचा, त्यात शेजारी वाढत नाही, मरतो, आणि पडलेला तुकडा यांना मिळतो. हाताने मारत नाहीत, दाताने चावत नाहीत, नुसतं आपल्या घराभोवतीचं पाणी शेजाऱ्याला कडू करतात. "आणि स्वतः काऊन नाई मरत?" जलालुद्दीनने विचारलं. डॉक्टर खूश झाले. विष करणारा उताराही जवळ ठेवतो, म्हणाले; कसा, ते शोधणारे शोधून राह्यले. अशा एका जातीचा रस काढून, साफ करून, बाटलीत भरला, तीच तुमची सुई. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

ते म्हणाले, कुठलीही चिमूटभर माती आणा, बशीत टाकून पाहू. हा डॉक्टरांचा छंदच होता. जिवतीच्या डोंगरातली, नागभीडच्या धानाच्या बांधीतली, म्हणजे भाताच्या खाचरातली माती कागदाच्या पुड्यांत त्यांच्या टेबलावर पडलेली असायची. जलालुद्दीनला दुकानामागची माती चालली असती. पण त्या जुम्म्याला नमाजानंतर त्याचे पाय कब्रस्तानाकडे वळले, आणि लिंबाखालच्या शमसुन्निसाच्या कबरीपाशी तो फातेहा पढून उभा राहिला. इकडेतिकडे पाहिलं. कबरीची माती उचलणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. त्याने खिशातली घड्याळाच्या काट्यांची रिकामी डबी काढली, वाकला, पायथ्याची ओलसर माती नखाने उकरली, आणि तो वास आला.

त्या वासाबरोबर तो दिवस आला. आपाला खाली उतरवलं होतं, फळ्या बसल्या होत्या, आणि माणसं एकामागून एक पुढे येऊन तीन तीन मुठी माती देत होती. बापाने दिली, मामाने दिली, मग त्याच्या पाठीवर हात पडला. प्रत्येक मुठीबरोबर म्हणायचे शब्द त्याला पाठ होते, तरी दुसऱ्या मुठीला तो अडखळला, कारण माती हाताला थंड आणि मऊ लागली, आणि आपाचा हात शेवटी तापाने किती गरम असायचा ते त्याला आठवलं. अम्मी घराच्या दारात उभी होती. बायका मातीला जात नाहीत. तो घरी आला तेव्हा अम्मीने त्याचा हात धरून वास घेतला. तेवढीच तिच्या वाटची माती.

बशीत तीच माती पडली, आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं. बशी उजेडाकडे धरली. साईवर चार-पाच ठिपके उठले होते, बहुतेक निकामी. पण काठाजवळच्या एका करड्या ठिपक्याभोवती नितळ गोल होता, इतका स्वच्छ की त्यातून खिडकीचे गज दिसत होते. जलालुद्दीन बघतच राहिला. त्याने आयुष्यात बारीक कामं पुष्कळ पाहिली होती. डासाच्या पायाएवढ्या आसावर चाक कसं तोललेलं असतं ते पाहिलं होतं, आणि ते करणाऱ्या दूरदेशीच्या कारागिराला मनात दाद दिली होती. पण इथे कारागीरच डोळ्याला दिसत नव्हता. त्याला हात नव्हते, भिंग नव्हतं, बाप नव्हता शिकवायला. तो लिंबाखाली, अंधारात, ओलीत, आपल्या भाकरीच्या तुकड्यासाठी हा रस गाळत बसला होता, आपा घराच्या अंगणात खोकत होती तेव्हाही, तिला खाली उतरवलं तेव्हाही. मुठीत माती घेतली तेव्हा मुठीत तो होता. अख्ख्या चांद्यात जेवढी माणसं नसतील त्याहून जास्त जीव त्या मुठीत होते, एकमेकांशी भांडत, आणि आपण मोठ्या दुःखाने ते सगळं भांडण तिच्या अंगावर टाकलं.

त्याने भीत भीतच विचारलं होतं, "डॉक्टरसाहेब, तेव्हा तिला ही माती पाण्यात कालवून पाजली असती तं?" डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. हसले नाहीत, हे जलालुद्दीनला फार बरं वाटलं. मग म्हणाले, "नाई जी. ती जुलाबानं गेली असती. मातीत तो रस इतका थोडा की केसाच्या टोकापलीकडे पोचत नाई. अन् हा रस कोणता, कामाचा की माणसालेच जहर, ते तरी कोणाले ठाऊक? तुमच्या सुईतला जंतू वेगळा, त्याले हौद भरभरून वाढवतात. तुमच्या हातून काई राहून गेलं नाई." जलालुद्दीनने मान हलवली. पटलं. तरी त्या दिवसापासून तो रस्त्याने चालताना पाय जरा जपून टाकू लागला. कब्रस्तानात, शेतात, नालीच्या काठी, जिथे म्हणून माती आहे तिथे खाली बाजार भरला आहे, कुणी कुणाला हटवतो आहे, कुणी मार खाऊन शहाणा होतो आहे, आणि या सगळ्याचा इतकुसाही आवाज वर येत नाही. आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाला त्या शांततेचा धाक वाटत होता. रात्री खाटेवर पडल्यावर तो पाऊल जमिनीला लावून ठेवायचा, खालचं काही कळतं का म्हणून.

आणि तसाच रस, सुईतला, आता त्याचे कान खात होता. नथ्थू गेल्यावर त्याने दुकानाची फळी लावली आणि ऊन डोक्यावर असताना दवाखाना गाठला. डॉक्टर वैरागड्यांनी दोन दात्यांचा पोलादी नादकाटा टेबलावर ठोकून घुमवला आणि त्याच्या कानाशी धरला, मग कानामागच्या हाडाला टेकवला, मग त्याला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. तो झुलला. त्यांनी त्याला दंडाला धरून बसवलं आणि स्वतः समोर बसले, तोंड दिसेल असे. "सुईनं होतं हे," ते म्हणाले. "सगळ्यांले नाई होत. तुमाले झालं. कानाच्या आतली नस बिघडते. गेलं ते परत येत नाई, अन् राह्यलेलं राहीलच असं मी सांगत नाई."

"मग सुई बंद करा."

"करतो. तुमी म्हणाल तं आजच करतो. पण आयकून घ्या." डॉक्टरांनी पुढे वाकून हळूहळू सांगितलं. फोटोत छाती निम्मी साफ झाली आहे, निम्मी नाही. सुईबरोबरच्या औषधाच्या पुड्या त्याच्या पोटात ठरल्या नाहीत, त्या केव्हाच बंद कराव्या लागल्या. सुई काढली तर तो घेत असलेली नवी गोळी एकटी राहते, आणि एकट्या औषधाला ते जंतू फार लवकर ओळखून घेतात. मातीतही तसंच. शेजाऱ्याचं जहर पचवायला शिकलेला एखादा असतोच, बाकी मेले की मग सगळं रान त्याचं. तसा एखादा छातीत उरला आणि माजला, तर पुढे गोळी म्हणजे पाणी. सुई रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा देता येईल, कान त्याने वाचला तर वाचेल. पण हे अजून बरेच महिने चालेल. "तुमचं दुकान कानावर आहे, मले मालूम आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणून मी सांगणार नाई काय करा ते. उद्या सांगा."

जलालुद्दीनने विचारलं, "त्या जंतूचं माझ्या कानाशी काय वैर?"

"काईच नाई. तुमाले कान आहे हेच त्याले मालूम नाई. छाती आहे हेही नाई. त्यानं आपल्या भांडणापुरतं केलं होतं."

घरी येताना त्याला राग यायला हवा होता, आणि तो रागाची वाट पाहत चालला, आला नाही. ज्याला आपण ठाऊक नाही त्याच्यावर रागवायचं कसं? त्याला उलट काहीतरी फार मोठं अंगावरून गेल्यासारखं वाटत होतं, जंगलात वाटेवर गवा आडवा जावा आणि त्याने आपल्याकडे पाहूही नये तसं. त्या जंतूने बरं केलं ते त्याची मर्जी म्हणून नाही, त्याने बहिरं केलं तेही त्याचा दावा म्हणून नाही. इतके दिवस तो त्या औषधाला मेहरबान समजत होता. मेहरबानी वरच्याची, हत्यार खालच्या मातीचं, आणि त्याचं शरीर म्हणजे मधली बांधी, जिथे दोघे भांडतात आणि धान तुडवलं जातं.

त्याच्या बायकोने, खैरुनने, ताट वाढलं. ती नागभीडची, धान पिकवणाऱ्यांच्या शेजारात वाढलेली, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बोली तिकडचीच. तो भाताशी नुसता खेळत होता. त्याने सगळं सांगितलं, अगदी नथ्थूच्या घड्याळापासून. ती ऐकत होती, पण चकित झाली नाही, तेव्हा त्यानेच विचारलं, तुला आधीच माहीत होतं का.

"माईत काऊन नाई? मागून हाक मारली तं तुमी वळत नाई. मले पहिले वाटलं रागवले." तिने वरण वाढलं. "मंग एकडाव तुमच्या पाठीमागं उभं राहून मनात होतं ते सगळं बोलून घेतलं. तुमी भिंग लावून बसलेच होते."

"काय बोललीस?"

"ते आता सांगत नाई." तिने भाताला हाताने इशारा केला, जेवा. मग त्याच्यासमोर येऊन बसली, डॉक्टर बसले होते तशीच, तोंड दिसेल अशी, आणि त्याला दिसलं की ही बऱ्याच दिवसांपासून अशीच समोर येऊन बोलत असली पाहिजे. "कान गेला तं मी ओरडून बोलीन. सारा मोहल्ला आयकीन, आयकू दे. तुमी गेले तं मी कोणाले ओरडू?"

दुकानाचं काय, असं तो म्हणणार होता, आणि म्हणाला नाही. आपाच्या वेळी कुणी कुणाला असं विचारलं नव्हतं, कारण निवडायला काही नव्हतं. हाही मोठाच फरक होता आणि तो आज त्याच्या ध्यानात आला. आपाला कान होता आणि औषध नव्हतं. तिला कुणी म्हटलं असतं, तुझा कान दे आणि ऊठ, तर तिने डोळ्यांवरचा रुमाल काढून फेकावा तसा तो देऊन टाकला असता. तो जेवला. खैरुन भांडी घासत असताना काहीतरी गुणगुणत होती, असं तिच्या मानेवरून दिसत होतं. तो उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला, जवळ, आणि थोडं ऐकू आलं.

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग होती. डॉक्टर खुर्चीवरून उठून आले. "काय ठरलं, जलालभाऊ?"

"तुमी म्हणाले होते, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ," जलालुद्दीन म्हणाला. "पण मधात पडला त्याले दोन फटके लागणारच. द्या सुई."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. सुगंधाबाई नर्सने बाही वर केली, दंडाला गार कापूस घासला. जलालुद्दीनने डोळे मिटले. सुई शिरली, आणि दंडातली ती जडशी कळ पसरू लागली. कुठल्या मुलखातली ती माती, कोणत्या शेतातली की अंगणातली, तिथल्या त्या एका करड्या जंतूने आपल्या वीतभर दुनियेसाठी गाळलेला रस आता त्याच्या रक्तातून निघाला होता, छातीकडे आणि कानाकडे सारखाच, वाट न विचारता. किती जुनं असेल हे भांडण? माणूस झाला त्याच्या आधीचं. आणि त्यात आज चांद्यातल्या एका घड्याळवाल्याचा दंड. माथा टेकायचा तो एकाच ठिकाणी, आणि तो त्याने पहाटेच टेकला होता. पण मातीतल्या शेजाऱ्याला सलाम करायला कुणाची मनाई नाही. जलालुद्दीनने मनातल्या मनात सलाम केला. डोळे उघडले तेव्हा सुगंधाबाई रिकामी सुई हातात धरून त्याच्याकडे बघत होत्या, रांगेतली सगळी माणसं वळली होती, आणि भिंतीशी टेकलेल्या म्हाताऱ्या बाबूभाई बांगडीवाल्याने खोकला आवरून, उजवा हात छातीवर ठेवून, ओठ हलवत त्याच्या नकळत मोठ्याने निघालेल्या सलामाचं उत्तर दिलं होतं.